शिंदळ माकुडीचा पत्ता

ऐन मे महिन्यात शिंदळ माकुडी बघायला जाऊ नये. दिसली तरी पटणार नाही. कातळाच्या भेगेतून करंगळीएवढ्या जाडीच्या चार-सहा कांड्या बाहेर लोंबत असतात. रंग राखाडीकडे झुकलेला हिरवा, अंगावर पान नाही, काटा नाही, गळून गेलेल्या पानांचे वण तेवढे. कुठल्यातरी वाळक्या वेलीचं खोड अडकून राहिलंय असं समजून माणूस पुढे जातो. जूनमध्ये दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की याच कांड्या टोकाकडून पालवतात. भाद्रपदात तिथं जाड, गुळगुळीत पानांचा झुबका असतो आणि पानाआड रुपयाच्या नाण्याएवढी गर्द लाल चांदणी उमललेली असते. ही वनस्पती वर्षातले पाच-सहा महिने मेल्यासारखी दिसते, आणि तिची निम्मी दुखणी त्यातूनच येतात.

आधी नावाचं बघू. माकुडी किंवा माकडशिंग म्हणजे करलुमा. माळावर, डोंगरउतारावर दगडांच्या आडोशाला उगवणारी, बोटाएवढी, चौधारी, बिनपानाची हिरवी कांडी. गुराखी ती मीठ लावून नुसती खातात, घरी तिची भाजी होते. अलीकडे वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये तिचा अर्क जाऊ लागला आणि माळावरची ही फुकटची भाजी पोत्यांनी उपटली जाऊ लागली, पण तो वेगळा विषय. शिंदळ माकुडी हिच्याच भावकीतली. फरक असा की हिची कांडी गोल, धारा नसलेली, आणि पावसाळ्यात तिला चक्क पानं फुटतात. शिंदळ ही आपल्याकडे शिवी आहे, चारचौघांत न उच्चारण्यासारखी. माकुडीच्या घरची म्हणवते पण माकुडीसारखी राहत नाही, म्हणून लोकांनी तिला हे विशेषण चिकटवलं असावं. संकोचापोटी काहीजण पाटीवर नुसतं ‘माकुडी’ लिहितात. त्याने घोटाळा होतो, कारण माकुडी सर्रास मिळते आणि ही मिळत नाही. शिवी असली तरी नाव पूर्ण लिहावं.

शास्त्रीय नावाचीही अशीच ओढाताण झाली. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातला निकोल अलेक्झांडर डाल्झेल हा वनस्पतीशास्त्रज्ञ. त्याने १८६० च्या दशकात जुन्नरजवळच्या डोंगरांतून मिळालेल्या या झाडाचं वर्णन केलं आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्यावरून त्याला नाव दिलं फ्रेरिया इंडिका. अख्ख्या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, ही एकच जात. पुढे कुणी ती करलुमात नेली, आणि २००० नंतर डीएनएच्या आधारे बूसेरोसिया प्रजातीत बसवली, म्हणून आज ती बूसेरोसिया फ्रेरी. तिन्ही नावं अजून वापरात आहेत. नर्सरीच्या यादीत करलुमा फ्रेरी, संशोधनपर लेखांत बूसेरोसिया आणि आपल्याकडच्या सरकारी कागदांत फ्रेरिया असं दिसलं तर गोंधळून जाऊ नये, झाड एकच. इथून पुढे मी फ्रेरियाच म्हणेन. प्रजात मोडीत निघाली असली तरी हे नाव तोंडात बसलंय.

या झाडाचं खरं वेगळेपण त्याच्या पानांत आहे. फ्रेरियाच्या गणगोतात पानं ही चैन समजली जाते. माकडशिंगाची पानं म्हणजे कांडीवरची बारीक खवल्यासारखी टोकं, ती आली कधी आणि गळली कधी ते कळतही नाही. फ्रेरियाला मात्र बोटभर लांबीची, लांबट-अंडाकार, मांसल पानं येतात आणि पावसाळाभर टिकतात. १९७७ साली लांगे आणि झुबर या जर्मन संशोधकांनी या पानांचा आणि कांडीचा श्वास वेगवेगळा मोजला. पानं सामान्य झाडांच्या पानांसारखीच वागतात. दिवसा छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, उन्हात अन्न करतात आणि त्यापायी भरपूर पाणी उडवतात. कांडी निवडुंगाच्या रीतीने चालते. दिवसा दारं बंद, रात्री गारव्याला उघडायची, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड त्याचं अन्न करायचं. म्हणजे एकाच झाडात दोन संसार. पाऊस आहे तोवर पानांनी भराभर कमवायचं, आणि ओल सरली की पानं टाकून कांडीने काटकसरीत दिवस काढायचे. पानं गळणं हा फ्रेरियाचा आजार नाही, हे पुढे कुंडीची गोष्ट निघेल तेव्हा लागेल.

फुलाकडे भिंग घेऊन बघावं, नुसत्या डोळ्यांनी त्यातलं फार थोडं दिसतं. पाच पाकळ्यांची पसरट चांदणी, दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाची. रंग गडद किरमिजी-लाल, त्यावर पिवळसर ठिपके आणि डाग. ते प्रत्येक फुलात थोडे वेगळे. कडेला बारीक केसांची झालर, वाऱ्याने थरथरणारी. हा सगळा थाट माशांसाठी आहे. या कुळातली बरीच फुलं शिळ्या मांसाचा रंग घेतात, पुष्कळ जणींना तसा वासही असतो, आणि मांसावर येणाऱ्या माशा फसून फुलावर येतात. फुलाच्या मधोमध एक छोटंसं बांधकाम असतं आणि खरी यंत्रणा तिथं आहे. या कुळात पराग पुडीसारखे सुटे उधळत नाहीत. ते मेणचट गोळ्यांत बांधलेले असतात, दोन गोळ्यांची जोडी आणि मधे एक चिमटा. माशी मध शोधत पाय किंवा सोंड खाचेत घालते, केस चिमट्यात अडकतो, ती झटका देऊन सुटते आणि जोडी सोबत घेऊन उडते. पुढच्या फुलात त्यातला एक गोळा बरोब्बर दुसऱ्या खाचेत, बरोब्बर कडेने घसरत जाऊन बसायला हवा. तिरका बसला तर काम झालं नाही. शेकडो फुलांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं का, याचं उत्तर या खाचेत आहे. माशीला एका भेगेतल्या फुलावरून दुसऱ्या भेगेतल्या फुलावर जावं लागतं, आणि दुसरी भेग शे-दोनशे मीटरवर असेल तर जोडी तिच्या पायाला लागलेली राहून ती तिसरीकडेच जाते.

फळ धरलंच तर ते जोडीनं येतं, दोन बारीक शेंगा शिंगांसारख्या फाकलेल्या. त्या कोरड्या दिवसांत उकलतात आणि आतून चपट्या बिया बाहेर पडतात, प्रत्येकीला रुईच्या म्हातारीसारखा रेशमी केसांचा झुबका. वारा त्यांना नेतो, पण नेतो म्हणजे बहुतेक वेळा खाली दरीत, गवतात, जिथे त्यांचा उपयोग नाही. कड्याच्या उभ्या अंगावर, थोडी माती साचलेल्या आणि गवताने न भरलेल्या भेगेत एखादी अडकली आणि पहिल्या पावसापर्यंत तशीच राहिली, तर रोप. फ्रेरिया दुर्मीळ का, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आलं.

उरलेलं निम्मं पत्त्यात आहे. फ्रेरिया महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या सापडत नाही. महाराष्ट्रातही सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पूर्वेकडे, जिथे पाऊस बेताचा होतो अशा डोंगरांच्या काळ्या बेसॉल्टच्या कड्यांवर. ठिकाणांची नावं वाचली की किल्ल्यांची यादी वाचल्यासारखी वाटते: शिवनेरी, पुरंदरला लागून असलेला वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड. किल्ला नसलेलं एक ठिकाण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेवरच्या रंधा धबधब्याचा परिसर. किल्ल्यांचा आणि या झाडाचा संबंध सरळ आहे. ज्या उभ्या कड्याने शत्रूला रोखलं त्याच कड्याने शेळीला, कुऱ्हाडीला आणि नांगराला रोखलं. आणखी एक कारण दगडाचं. दख्खनचा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. दोन थरांच्या सांध्यात मऊ, लालसर, भुसभुशीत पट्टी असते, ती झिजते आणि आडवी कपार तयार होते. उभ्या चिरा थंड होताना पडलेल्या. अशा कपारीत आणि चिरेत वरून येणाऱ्या पाण्यासोबत मूठ-दोन मूठ माती साचते, पाणी मात्र साचत नाही. फ्रेरियाला नेमकं हे हवं. मुळांना ओंजळभर माती, तिच्यातून तासाभरात निचरा, डोक्यावर कोवळं ऊन, आणि शेजारी फार दाटी नाही. शेजारी असलंच तर निवडुंगाचं झुडूप, ज्याच्या काट्यांच्या आडोशाला फ्रेरियाची कांडी शिरून बसते आणि चरणाऱ्या तोंडांपासून वाचते.

मग ती संपत का चाललीय? निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूसीएनने, १९८० च्या दशकात जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींची यादी केली, तीत हिचं नाव होतं. तेव्हापासून प्रत्येक लेखात ‘बारांपैकी एक’ हे वाक्य येतं. मला त्या वाक्याचा कंटाळा आलाय, कारण त्यानंतर लेखक थेट ‘आपण सर्वांनी जागं व्हायला हवं’ यावर उडी मारतो आणि नेमकं काय होतंय ते सांगायचं राहून जातं.

पहिला नंबर वणव्याचा. कड्याच्या पायऱ्यांवर, सांध्यांवर कुसळीचं गवत माजतं. डिसेंबरनंतर ते वाळतं आणि माघ-फाल्गुनात कुणीतरी खालून पेटवतं. पुढच्या वर्षी चारा चांगला फुटतो अशी समजूत, कधी नुसता टाइमपास, कधी फेकलेली बिडी. उभ्या चिरेतली फ्रेरिया वाचते, कारण आग तिच्यापर्यंत जात नाही. आडव्या पायरीवरची वाचत नाही. तिच्या कांड्यांत पाणी असतं, त्यामुळे ती गवतासारखी भडकत नाही, उकडते. दुसऱ्या दिवशी बघितली तर हिरवीच दिसते, आठवड्याने मऊ पडते, महिन्याने काळी पडून गळते. वणवा लागल्यावर दोन दिवसांनी पाहणी करून ‘झाडं शाबूत’ असा शेरा मारला तर तो खोटा ठरतो. पाहणी महिन्यानंतर करावी.

दुसरा त्रास हौशी लोकांचा. जगभर मांसल झाडांचा नाद असलेले संग्राहक आहेत आणि ‘पानं येणारी स्टॅपेलिया’ (स्टॅपेलिया म्हणजे याच गोतातलं, एरवी बिनपानाचं मांसल झाड) ही त्यांच्यासाठी मोठी अपूर्वाई. परदेशात ती लटकत्या कुंड्यांत कित्येक वर्षं वाढवली जाते. तिकडचे बहुतेक लोक आता कुंडीतल्याच झाडांच्या फांद्या एकमेकांना देतात, तो व्यवहार कड्याला लागत नाही. लागतो तो आपल्याकडच्या ‘किल्ल्यावरून आणलीय, ओरिजिनल आहे’ असं सांगणाऱ्यांचा. मुळासकट उपटलेलं कड्यावरचं झाड कुंडीत सहसा रुजत नाही, हे तरी त्यांना कळायला हवं होतं. मुळं चिरेत वेडीवाकडी गेलेली असतात, ओढताना ती तुटतात, आणि खालचा देठ चेचला जाऊन तिथून कुजतो.

शेळ्या पायऱ्यांवर येतात, तो तिसरा. दरड कोसळते, तो चौथा, आणि त्याला इलाज नाही. अख्खी वसाहत एका पावसाळ्यात खाली जाऊ शकते. वरच्या सपाटीवर गिरिपुष्पाची लागवड, पायथ्याला क्रशर, ही यादी लांबवता येईल. पण किल्ल्यांच्या डागडुजीचा मुद्दा बाजूला ठेवतो, तो शेवटी नीट घ्यायचाय.

एका शत्रूला मात्र शत्रू म्हणायचं नाही. भाद्रपदात पानं अर्धवट कुरतडलेली दिसली तर खालून बघा. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी सापडेल. ती प्लेन टायगर फुलपाखराची, मराठीत बिबळ्या कडवा. एरवी ती रुईवर वाढते, पण फ्रेरिया त्याच कुळातली असल्याने तिलाही चालते. बाग राखणाऱ्याने ती उचलून शेजारच्या रुईवर ठेवावी. औषध मारू नये. कड्यावर तर हात लावायचं कारणच नाही, कांडी शाबूत असली की पानं परत येतात.

आता कुंडी. गंमत अशी की कड्यावर इतकी नाजूक परिस्थिती मागणारं हे झाड कुंडीत अगदी सोशीक आहे. सरकारमान्य रोपवाटिकेतून, वनस्पती उद्यानातून किंवा आधीच वाढवणाऱ्याकडून एक फांदी मिळाली की झालं. मुहूर्त मेअखेर ते जूनचा, कांडी वाढीला लागण्याच्या बेतात असते तेव्हा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यावं. आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा काढावा, त्यावर तीन-चार पेरं हवीत. आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी: तुकडा लगेच मातीत खोचायचा नाही. सावलीत, वारा लागेल असा, कागदावर पाच ते सात दिवस ठेवायचा. कापलेलं तोंड सुकून त्यावर साय धरल्यासारखा कोरडा पापुद्रा आला पाहिजे. ओल्या तोंडाने खोचलेल्या फांद्या पंधरा दिवसांत काळ्या पडतात आणि मग लोक म्हणतात, जात नाजूक आहे हो.

माती म्हणाल तर मातीच कमी लागते. चाळलेला मुरूम, डाळीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढा, दोन भाग. पानांचं कुजलेलं खत एक भाग. मूठभर लाकडी कोळशाचे बारीक तुकडे. शेणखत नको, त्याने कांडी भसाभस फुगते आणि मऊ पडते. कोकोपीटही नको, ते पाणी धरून ठेवतं आणि एकदा पूर्ण सुकलं की परत भिजत नाही. कुंडी मातीची, पसरट आणि उथळ, सहा इंच तोंडाची पुरते. तुकडा उभा खोचण्यापेक्षा मिश्रणावर आडवा ठेवून एक टोक जेमतेम रुतवावं आणि मधोमध छोटा दगड ठेवावा. कांडीची जी बाजू जमिनीला टेकते तिथूनही मुळं फुटतात, कड्यावर लोंबणाऱ्या फांद्या याच युक्तीने खालच्या पायरीवर नवं बिऱ्हाड करतात. पहिले आठ-दहा दिवस पाणी नाही. मग दर चार-पाच दिवसांनी, वरचा थर सुकल्यावर. तीन-चार आठवड्यांनी तुकडा हलकेच हलवला आणि त्याने जागा धरलेली वाटली, की रुजला.

ऊन सकाळचं. दुपारचं एप्रिलमधलं ऊन कांडीला जांभळट-तांबूस करतं, ते चालतं, पण पानं असताना तेच ऊन पानांना भाजतं. पुणे, नाशिक, साताऱ्याकडे पावसाळ्यात कुंडी उघड्यावर राहिली तरी बहुधा निभावते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर ती पत्र्याखाली किंवा गॅलरीत आत घ्या. तिथला चार महिन्यांचा सततचा ओलावा तिच्या गावचा नाही.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. पानं पिवळी पडू लागतात, गळतात. घरातला कुणीतरी सहृदय माणूस कळवळून पाणी वाढवतो आणि जानेवारीत झाड सडतं. कुंडीत दगावणाऱ्या फ्रेरियांचं हे सगळ्यात मोठं कारण. पानं गेली म्हणजे दिवसा पाणी उडवणारी यंत्रणा बंद झाली. कांडी रात्री थोडंसं तोंड उघडते, तिला लागतं किती? नोव्हेंबरपासून पाणी कमी करत न्यावं, जानेवारी ते मे महिन्यातून एकदा, तेही कुंडीच्या कडेने अर्धा कप. कांडीवर उभ्या सुरकुत्या दिसल्या तर घाबरू नये. त्या बोटाला मऊ लागल्या तर मात्र घाबरावं: सुरकुतलेली पण घट्ट म्हणजे तहानलेली, फुगीर पण मऊ म्हणजे कुजलेली. कुजलेल्या भागाच्या वर, आतला गाभा स्वच्छ फिकट हिरवा दिसेपर्यंत, कापत जायचं आणि वरच्या तुकड्याची पुन्हा फांदी करायची. पिठ्या ढेकूण पेरांच्या बेचक्यात बसतो, कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून त्याला पुसून काढता येतं. मुळांवर बसला तर झाड उगाच खुरटतं आणि कारण सापडत नाही, म्हणून दोन वर्षांतून एकदा कुंडी उपसून बघावी.

इतकं सोपं असेल तर मग दुर्मीळ कसली, असा प्रश्न इथे येतोच, आणि कुंड्या वाटण्याचे कार्यक्रमही यातूनच निघतात. एका फांदीच्या शंभर फांद्या करून शंभर घरी दिल्या तरी ते एकच झाड आहे, शंभर कुंड्यांत राहणारं. एकाला जो रोग लागेल तो शंभरांना लागेल. त्यांची आपापसात फळं धरली तरी नवं रक्त येणार नाही. कड्यावरच्या वीस झाडांत जी विविधता असते ती अशा हजार कुंड्यांत नसते. म्हणून ज्यांना खरंच राखायचंय ते कुठल्या कड्यावरची, कुठल्या झाडाची फांदी याची नोंद प्रत्येक कुंडीवर ठेवतात, आणि एका ठिकाणची झाडं दुसऱ्या ठिकाणी लावत नाहीत. शिरवळजवळच्या शिंदेवाडीत नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने फ्रेरिया वाढवून परत रानात लावण्याचं काम केलेलं आहे. ते वाचताना लक्षात येतं की कड्यावर परत लावणं हे कुंडीतल्या लागवडीच्या नेमकं उलटं काम आहे.

वेळ साधायची ती पहिल्या पावसाची, जूनचा पहिला-दुसरा आठवडा. जुलैच्या झडीत लावलेली रोपं धुपून जातात. सप्टेंबरात लावलेल्यांना मुळं खोल घालायला दिवस उरत नाहीत आणि ती डिसेंबरात सुकतात. भेग निवडताना तिच्यात बारीक तार घालून बघावी. बोटभर आत जाऊन दगडाला थटली तर ती नुसती खाच आहे, सोडून द्यावी. वीतभर आत जात असेल आणि तारेला मातीचा ओशटपणा लागत असेल तर उपयोगी. वरून पाणी सतत झिरपत असेल, शेवाळ माजलेलं असेल तर तीही नको. रोप कुंडीतून काढून मुळाभोवतीचं मिश्रण तसंच ठेवायचं, ओल्या शेणमातीचा लगदा करून त्याला भेगेत कोंबायचं आणि कांडीचं टोक खाली लोंबू द्यायचं. सिमेंट नाही, चुना नाही. निवडुंगाच्या बगलेत जागा असेल तर तिला प्राधान्य. आणि लावणाऱ्याने दोरावर लोंबकळताना आधी खाली बघावं, कारण नव्या रोपासाठी पाय ठेवायला जागा करताना जुनं झाड तुडवणं ही फार सहज होणारी चूक आहे.

कायद्याचं म्हणाल तर तिथं एक विचित्र गोष्ट आहे. वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी सहावी अनुसूची जोडली, तीत सहा नावं आली. फ्रेरिया त्यांत नव्हती. देशाबाहेर पाठवायला बंदी असलेल्या वनस्पतींच्या यादीत मात्र ती आहे, ‘शिंदळ मानकुंडी’ अशा बिघडलेल्या स्पेलिंगने. म्हणजे बंदरावर अडवायची सोय झाली, कड्यावरून उपटताना अडवायची त्या कायद्याने झाली नाही.

आता डागडुजी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यात शिवनेरी आहे. आनंदाची गोष्ट आहे आणि तिच्यामागोमाग पैसा येणार, माणसं येणार, कामं निघणार. तटबंदीच्या कामाची पहिली पायरी असते झाडोरा काढणं, आणि ते बरोबरच आहे. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरून जाड होतात आणि बुरूज फोडतात. ती काढलीच पाहिजेत, तीही खोडाला औषध घालून, कारण नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटतात. मग सांध्यांत चुना भरतात, ज्याला गवंडी दर्जा भरणं म्हणतात. अडचण अशी की हे काम सोयीने उन्हाळ्यात काढलं जातं, कारण पावसात झुला बांधून उतरणं धोक्याचं आणि चुना धरत नाही. उन्हाळ्यात फ्रेरिया म्हणजे चार वाळक्या काटक्या. मुकादम सांगतो, भिंत आणि खालचा कातळ साफ करा. माणूस कोयता फिरवतो. त्याची काय चूक? त्याला ती झाड म्हणून दिसलेलीच नसते.

फ्रेरियाची मुळं केसासारखी, उथळ, मूठभर मातीत मावणारी. त्यांनी चिरा हलल्याचं कारण नाही. तिला ठेवून भिंत राखता येते, फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो. पाहणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पानं आणि फुलं दोन्ही अंगावर असताना. एक दुर्बीण आणि झूम असलेला कॅमेरा पुरतो, दोर लागत नाही. कड्याचे समोरून फोटो काढून त्यावर तटाच्या एखाद्या ओळखू येणाऱ्या चिऱ्यापासून किती हात खाली, किती डावीकडे, हे लिहायचं. ठेकेदाराला शास्त्रीय नावांची यादी देऊन काही होत नाही. त्याच झाडाचे दोन फोटो शेजारी-शेजारी द्यायचे, एक भाद्रपदातला लाल फुलाचा, एक चैत्रातला वाळक्या कांडीचा. झुल्यावरून उतरणाऱ्या गड्याच्या खिशात तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून द्यायचा. औषध फवारायचं नाही, वडा-पिंपळाच्या कापलेल्या बुंध्यावर ब्रशने लावायचं, म्हणजे ते खालच्या कपारीत ओघळत नाही. चुना कालवताना सांडलेलं पाणी कड्यावरून खाली सोडायचं नाही, फ्रेरियाची ओंजळभर माती तेवढ्यानेही बिघडते. आणि जिथे ती आहे त्या चिरेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा दर्जा न भरता सोडायची. चिरेच्या वर गेरूने एक टिंब पुरे, फार ठळक खूण केली की ती खूण बघून न्यायला येणारे पण आहेत.

वणवा अडवायला गवताच्या कडेला मोकळा जाळपट्टा काढायचा असेल तर तोही डिसेंबरात, विळ्याने कापून, पेटवून नव्हे. कापलेलं गवत पायरीवर न टाकता गोणीत भरून वर ओढून घ्यायचं. शेंगा अजून उकलायच्या असतात, तेव्हा विळा निवडुंगाच्या हातभर अलीकडेच थांबला पाहिजे.